त्रास कुणाला?

बागवान डॉक्टर कोल्हारला बदलून येण्याआधी आठ दिवस त्यांची कीर्ती येऊन पोचली होती. नवा डॉक्टर म्हणे दोन वर्षं पुण्याला वेड्यांच्या इस्पितळात होता.

होता, एवढंच. नोकरीला होता की उपचाराला, हे सांगणाऱ्यानं सांगितलं नव्हतं आणि ऐकणाऱ्यांनी विचारलं नव्हतं. विचारून एवढी चांगली बातमी बिघडवायची कशाला? मी त्या वेळी तिथल्या दवाखान्यात नर्स होते. तिशीच्या आतबाहेरची, नवरा वारलेला, नगरला मिशनच्या इस्पितळात शिकून आलेली. गाव मला सगुणाबाई म्हणे. बाळंतपणं, जखमा आणि खोकल्याचं तांबडं औषध हे माझं खातं. दुसरी लढाई संपत आली होती, रॉकेलला रांगा होत्या, आणि त्यात हा वेड्यांच्या इस्पितळातला डॉक्टर.

पहिले दोन दिवस कुणी पायरी चढलं नाही. समोरच्या लिंबाखाली माणसं बसून राहिली. डॉक्टर कसा चालतो, कसा बोलतो, पाणी कसं पितो, सगळं बघून घेतलं. तिसऱ्या दिवशी गाल सुजलेला एक म्हातारा आत आला. दोन्ही बाजूंना दोन मुलगे, दोघांच्या हातात काठ्या.

डॉक्टरांनी दात पाहिला आणि विचारलं, "आजोबा, मुलं काठ्या घेऊन का आली आहेत?"

म्हातारा तोंड उघडं ठेवूनच म्हणाला, "तुमी येडे हाय म्हनं."

डॉक्टरांनी चिमटा खाली ठेवला. "असं कोण म्हणतं?"

"समदेच."

"बरं. मग वेड्याकडून दात काढून घ्यायचा, की शहाणा डॉक्टर येईपर्यंत थांबायचं?"

म्हाताऱ्यानं गाल दाबून धरला, थोडा विचार केला. "काढा. दुखतंय लई."

तो गेल्यावर मी म्हणाले, "डॉक्टर, मी सांगते सगळ्यांना. तुम्ही तिथं डॉक्टर होता म्हणून."

"राहू द्या हो बाई," ते हात धुता धुता म्हणाले. "शहाण्याशी लोक जपून बोलतात. वेड्याला खरं ते सांगून टाकतात. मला सोयीचंच आहे."

उंच, काटकुळे, नाकावर घसरणारा चष्मा, आणि डोक्यावर एक जुनी काळी टोपी, जी त्यांच्या डोक्याच्या मानानं एक बोट मोठी होती. वारा आला की ते आधी टोपी धरत, मग सायकल. मूळचे नगरचे. वडील फळांचे व्यापारी, आडनावाप्रमाणेच बागवान. बायको दोन मुलांच्या शाळेपायी नगरलाच राहायची आणि डॉक्टर पंधरवड्यातून एकदा तिकडे जाऊन यायचे. एकदा त्यांची आई, खतिजाबी, ईदनंतर शिरखुर्म्याचा डबा घेऊन आली तेव्हा मी तिला विचारलं, "आई, हे लहानपणापासून असेच आहेत का हो?"

"असाच!" म्हातारी कपाळावर हात मारून म्हणाली. "बापानं दुकानावर बसवला. तर ह्यो गिऱ्हाइकाला काय सांगायचा? 'चाचा, वो पेरू नको घेऊ, आतून किडका हाय.' आठ दिवसांत बाप म्हनला, ह्याला शिकवा, न्हाई तर दुकान बुडंल."

डॉक्टर शेजारीच बसले होते. "पण पेरू किडका होता की नाही, अम्मी?" एवढंच म्हणाले.

त्यांची स्वतःची एक खोड होती आणि ती अख्ख्या गावाला ठाऊक होती. संध्याकाळी दवाखान्याला कुलूप लावून निघाले की ते वेशीपर्यंत जात, मग परत येत, कुलूप ओढून बघत. पुन्हा वेशीपर्यंत, पुन्हा परत. तीनदा. पावसात भिजत असले तरी तीनदा. सुरुवातीला लोक हसले. मग रस्त्यावरचा गुळाचा दुकानदार त्यांच्यासाठी दोन पाट मांडून बसायला लागला, कारण तेवढ्या तीन फेऱ्यांत त्याच्या घरच्या सगळ्यांची प्रकृती विचारून व्हायची. मी एकदा धीर करून त्यांना म्हणाले, "कुलूप लागलेलं असतं, डॉक्टर. मी बघते ना."

"मला माहीत आहे, बाई. हा माझा वेडेपणा. त्याची माझी चांगली ओळख आहे. मला पाव तास लागतो, सायकलच्या टायरची झीज होते. बाकी कुणाला काही त्रास?"

हा त्यांचा आवडता शब्द. कुणीही कुणाला वेडा म्हणून घेऊन आलं, की नाडी बघता बघता, जीभ बघता बघता ते सहज विचारायचे. खातो का? झोपतो का? कामावर जातो का? आधीपासून असाच आहे, की आत्ता असा झाला? आणि शेवटी, चष्मा वर सारून, "त्रास कुणाला?"

त्यांच्या टेबलावर मानसशास्त्राचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक असे. त्यात काय आहे असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "चारशे पानं आहेत, बाई. आणि नॉर्मल माणूस कोण, हे एकाही पानावर धड लिहिलेलं नाही. बहुतेक लोक करतात ते नॉर्मल, असं म्हणावं, तर इथं बहुतेक लोक तंबाखू खातात. मी खात नाही. म्हणजे आलोच ना मी वेड्यांत?" मग माझ्याकडे बघत म्हणाले, "आणि तुम्ही. प्रत्येक नव्या बाळाला टोपडं घालताना गावाची माहिती सांगता. नदी कुठं, भगवतीचं देऊळ कुठं, बाजार कधी. मी दाराआडून ऐकलंय."

"आलेल्या पाहुण्याला सांगायला नको?" मी म्हणाले. त्यावर ते इतके हसले, की टोपी पडली.

लढाई संपली आणि पलटणीतली माणसं परतू लागली, तेव्हाची गोष्ट. जवळच्या एका वस्तीवरचा रंभाजी हवालदार मिसर आणि इटली बघून आला होता. छातीवर पदकं, हातात ट्रंक. गावानं मिरवणूक काढली. महिन्याभरानं त्याचा भाऊ दवाखान्यात येऊन डॉक्टरांच्या कानाशी लागला. "सायेब, दादा खड्ड्यात झोपतोय."

रंभाजीनं घरामागं छातीएवढा खोल चर खणला होता. सरळ नव्हे, नागमोडी. दिवसभर शेतात दोघांचं काम एकटा करायचा आणि दिवेलागणीला चरात उतरायचा. खाट, अंथरूण, कंदील, सगळं खाली. भावकीची बैठक झाली. कुणी म्हणालं देवऋषी आणा, कुणी म्हणालं साखळीनं बांधा. पाटलांनी डॉक्टरांना निरोप पाठवला, की पुण्याला पाठवायचा तर कागद करून द्या.

आम्ही दुपारी गेलो. डॉक्टर चराच्या काठावर उभे राहिले, आत डोकावले आणि कोट, टोपी, बूट यांसकट सरळ आत उतरले. रंभाजी खाटेवर बसून विळ्याला धार लावत होता. तो उठून ताठ उभा राहिला.

"बसा, हवालदार," डॉक्टर म्हणाले आणि खाटेवर बसले. इकडंतिकडं बघितलं, भिंतीवर हात फिरवला. "काम झकास आहे. एवढं वळण कशाला दिलंत?"

"वळन पायजेच, सायेब. सरळ चर आसला तर येक गोळा पडला का समदे जात्यात."

"आणि वर झोपलं तर?"

रंभाजी वर बघून म्हणाला, "वर समदं उघडं हाय, सायेब."

ते दोघं मग अर्धा तास बोलत होते. मला वरून फक्त टोपी दिसत होती. शेवटी डॉक्टरांनी खालूनच रंभाजीच्या बायकोला हाक मारली. "सखूबाई, तुम्हाला काय त्रास आहे, तेवढं सांगा."

सखूबाई पदर सावरून काठावर वाकली. "मला काय तरास? मानूस जित्ता परत आला. येकच हाय, भाकर द्यायला लई वाकावं लागतंय. कंबर धरती."

"मग हवालदार," डॉक्टर म्हणाले, "आधी पायऱ्या करा."

भावकी चाट पडली. डॉक्टरनं वेड्याला शहाणपण शिकवायचं, तर हा पायऱ्या करायला सांगतो! पण पायऱ्या झाल्या. पुढच्या खेपेला डॉक्टर खाली उतरून म्हणाले, "ओल येते हो खालून. वीतभर माती टाका." पंधरा दिवसांनी पुन्हा, "अजून ओल आहे." पावसाळ्याच्या तोंडावर वर छप्पर झालं. मग छप्पर डोक्याला लागतं म्हणून ते उचललं, मग पुन्हा वीतभर माती. दर खेपेला डॉक्टर खाली चहा पिऊन यायचे आणि दर खेपेला थोडे कमी खाली उतरायचे. दिवाळीच्या सुमाराला रंभाजीची खाट जमिनीबरोबर आली, वर छप्पर, तिन्ही बाजूंना कूड. म्हणजे झालं घरच.

त्या दिवशी डॉक्टर खुशीत होते. रंभाजीनं त्यांना चहा दिला आणि म्हणाला, "सायेब, मला पयल्या दिसापासनं कळत हुतं बरं का. ओलबिल काय नव्हती."

डॉक्टरांचा कप हातात राहिला. "मग बोलला का नाहीत?"

"तुमी इतक्या कष्टानं फसवत हुता. म्हनलं, फसवू द्यावं."

परतताना सायकल हातात धरून डॉक्टर रस्ताभर हसत होते. "मी तिथं त्याला सुधारत होतो, आणि तो मला सांभाळून घेत होता."

सगळंच असं हसण्यावारी जायचं नाही. पुणतांब्याकडच्या एका विणकराला घेऊन आले, तेव्हा त्याला चार दिवस झोप नव्हती. कुणीतरी कानात सतत शिव्या देतं, म्हणून तो स्वतःचं डोकं भिंतीवर आपटत होता. त्या दिवशी डॉक्टरांनी 'त्रास कुणाला' विचारलंच नाही. नातेवाईक म्हणाले, "आमी घरीच ठिवतो, सायेब, लोकं नावं ठिवत्याल." त्यावर ते आवाज चढवून म्हणाले, "लोकांचं मग बघू. हा माणूस भाजून निघतोय, दिसत नाही तुम्हाला? याला औषध हवं." कागद केला, वरच्या साहेबाचा हुकूम आणला आणि स्वतः रेल्वेनं त्याला पुण्यापर्यंत पोचवून आले. सहा महिन्यांनी तो माणूस बरा होऊन परत आला आणि त्यानं विणलेला पंचा डॉक्टरांनी गळ्यात घालून सगळ्या गावाला दाखवला. माझ्या माहितीत, त्या तीन वर्षांत त्यांनी असा कागद एवढ्या एकाचाच केला.

दुसरा एक कागद केला, त्याची गोष्ट निराळी आहे.

बारा मैलांवरून बैलगाडी करून एक कुटुंब आलं. सासरा, सासू, नवरा, आणि मध्ये घुंगट घेतलेली, विशीची सून. तिचं नाव ठकू. सासूनं गाडीतून उतरायच्या आतच सुरुवात केली. "ह्या बयेला येडाचा दाखला द्या. पुन्याला धाडायची हाय. आमाला पोराचं दुसरं लगीन करायचं हाय."

"काय करते ती?"

"हसती! देवापुढं हसती, पावन्यांपुढं हसती. परवा चुलत सासरा मेला, तिथं हसली. समदी भावकी तोंडाकडं बघाया लागली."

डॉक्टरांनी कोरा कागद पुढं ओढला. "तपासणी करावी लागेल. काही प्रश्न विचारतो. बाई, आज तारीख काय?"

ठकूनं मान खाली घातली. सासू फुशारून म्हणाली, "बघा! येत न्हाई."

"तुम्ही सांगा मग."

सासू गडबडली. "मला काय म्हाईत? बाजाराचा दुसरा दीस हाय."

डॉक्टरांनी गंभीरपणे लिहून घेतलं. "शंभरातून सात गेले, किती राहिले?"

"आता ह्ये काय इचारता मला?"

"नाही येत," डॉक्टरांनी पुन्हा लिहिलं. "तुमचं वय?"

"आसंल की. चाळीस आसंल, साठ आसंल."

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि सासऱ्याकडं वळले. "कठीण आहे, बाबा. पुण्याच्या गाडीत दोघींना जागा आहे का?"

सासऱ्यानं मिशीत हसू लपवलं. नवरा, जो आतापर्यंत खांबाला टेकून मुका उभा होता, त्याला हसू आवरेना. आणि घुंगटातून एकदम फिसकन आवाज आला. सासू ओरडली, "बघा, हसली! हसली!"

"आत्ता आम्ही सगळेच हसतोय," डॉक्टर म्हणाले.

मग त्यांनी ठकूला माझ्या खोलीत पाठवलं आणि मला सांगितलं, "बाई, तुम्ही विचारा. घाई करू नका." मी तिला पाणी दिलं, शेजारी बसले. मग ती बोलली. "लग्नाच्या वक्ताला आयनं सांगितलं, सासरी डोळ्यांतनं पानी काडू नको, घराण्याला डाग लागतो. मग मी रडू आलं का हसते. आता सवय झाली. चुलत सासरं लई चांगलं हुतं माजे. तेंच्यासाठी लई रडू आलं. म्हनून लई हसले."

मी बाहेर येऊन डॉक्टरांना हे सांगितलं. त्यांनी खिडकीबाहेर बघत दोनदा नाक शिंकरलं. मग सासऱ्याला म्हणाले, "हिला दोन महिने माहेरी ठेवायचं. हेच औषध. हिच्या आईला माझा निरोप द्या, हिला पोटभर रडू द्यायचं."

"आन दाखला?" सासरा म्हणाला. "बारा मैलांवनं आलो, सायेब. रिकाम्या हातानं कसं जावं?"

"दाखला देतो की." डॉक्टरांनी दवाखान्याच्या कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं: 'ही बाई पूर्ण शहाणी आहे.' खाली सही, खाली शिक्का. मोठ्यानं वाचून दाखवला आणि ठकूच्या हातात दिला.

दोन महिन्यांनी तिचा नवरा तिला आणायला गेला. कुणी पाठवलं नव्हतं, आपला आपणच गेला. दुसऱ्या लग्नाचं नाव मग त्या घरात निघालं नाही. वर्षानं ती पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडं आली. कळा सुरू झाल्या आणि ती अशी खणखणीत रडली, ओरडली, की लिंबावरची पाखरं उडाली. मोकळी झाल्यावर मी विचारलं, "तो कागद कुठाय गं?"

"पेटीत," ती म्हणाली. "सासूबाई भांडाया लागल्या का काडते. म्हनते, माज्यापाशी सरकारी दाखला हाय. तुमच्यापाशी हाय का?"

आता गोसावी गुरुजींचं सांगते. ते शाळेचे हेडमास्तर. चाळिशीचे, एकटे राहणारे, कडक इस्त्रीचा सदरा, घड्याळासारखं वागणं. गावात शहाणा कोण असं विचारलं असतं, तर सगळ्यांनी त्यांच्याच घराकडं बोट दाखवलं असतं. रोज पाच वाजता ते दवाखान्याच्या ओट्यावर वर्तमानपत्र घेऊन येत आणि डॉक्टरांशी भांडत. डॉक्टर 'हो' म्हणाले की गुरुजी 'नाही'. कापसाचा भाव असो की विलायतेचं राजकारण, गुरुजींचं पहिलं वाक्य ठरलेलं: "साफ चूक!" दोघांचे आवाज नदीपर्यंत जात. भांडून झालं की दोघं मिळून भुईमुगाच्या शेंगा खात.

तिसऱ्या हिवाळ्यात गुरुजी निवळले. भांडण बंद. डॉक्टर काहीही म्हणोत, "हो, खरं आहे," म्हणून ते हसायचे. गावाला बरं वाटलं. मलाही वाटलं. वयाबरोबर माणूस मऊ होतो, म्हटलं. डॉक्टर मात्र अस्वस्थ. "बाई, आज गुरुजी तीनदा 'हो' म्हणाले."

"मग चांगलं आहे की."

"चांगलं कसलं? हा माणूस आधी असा होता का?"

त्यानंतर दोन दिवसांनी गुरुजींनी आपला बुद्धिबळाचा हस्तिदंती डाव, जो ते कुणाला हातही लावू देत नसत, तो रुमालात बांधून डॉक्टरांना आणून दिला. "तुमच्याकडं असू द्या," म्हणाले आणि शांतपणे निघून गेले. डॉक्टरांनी ते गाठोडं पाहिलं आणि पेशंट तसाच टाकून उठले. "चला, बाई. आत्ता."

भरदुपार होती. गुरुजी घरात होते. दाढी केलेली, सदरा पांढरा स्वच्छ, घर झाडलेलं, शाळेचे सगळे कागद टेबलावर नीट लावून ठेवलेले. आम्हाला बघून त्यांनी पाट मांडले. डॉक्टर बसले नाहीत. उभ्या उभ्याच त्यांनी विचारलं, "गुरुजी, जगावंसं वाटत नाही का?"

मला धक्का बसला. भल्या माणसाला असं विचारतात का कुणी! वाटलं, आता गुरुजी चिडून आम्हाला घराबाहेर काढतील. ते पाटावर खाली बसले आणि म्हणाले, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. काय झालंय?"

"काहीच नाही हो. तेच तर आहे. कारण असतं तर तुम्हाला सांगितलं असतं. सगळं व्यवस्थित आहे, आणि सकाळी उठवत नाही. दोन महिने झाले. मला वेड लागतंय का, डॉक्टर?"

"नाही," डॉक्टर त्यांच्यासमोर जमिनीवर बसत म्हणाले. "तुम्ही आजारी आहात. आणि आजारी माणसानं एकटं राहायचं नसतं. मी आज रात्रीपासून इथं राहायला येतोय."

"तुम्हाला कशाला त्रास?"

"तो माझा प्रश्न आहे. तुम्ही विचारायचा नाही."

डॉक्टरांनी खरंच वळकटी आणली. पाठोपाठ गुरुजींच्या थोरल्या बहिणीला पत्र गेलं आणि ती येऊन स्वयंपाकघर बघू लागली. गावानं विचारलं, गुरुजींना काय झालंय? दुसऱ्या कुणी सांगितलं असतं, पोटाचा विकार आहे. डॉक्टर सरळ सांगायचे, "मन आजारी आहे. पोट असतं तसंच." एकजण कुजबुजला, "म्हंजी गुरुजी येडे झाले?" तर म्हणाले, "तुम्हाला मागच्या महिन्यात पडसं झालं होतं, तेव्हा तुमची तिरडी बांधली होती का?"

सोपं नव्हतं ते. रोज सकाळी डॉक्टर गुरुजींना उठवून बरोबर वस्त्यांवर न्यायचे, पेशंटची नावं लिहायला लावायचे. काही दिवस गुरुजी यायचे. काही दिवस भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे, तेव्हा डॉक्टर शेजारी बसून नुसत्या शेंगा सोलायचे. दाण्यांचा ढीग व्हायचा आणि कुणी खायचं नाही. एकदा मी डबा घेऊन गेले, तर डॉक्टर दाराबाहेर पायरीवर एकटेच बसले होते. चेहरा ओढलेला. "बाई, माझ्यानं यांचं काही होत नाहीये," म्हणाले. त्यांना तसं मी आधी कधी पाहिलं नव्हतं. मग उठले, तोंडावर पाणी मारलं आणि पुन्हा आत गेले.

तीन महिने. उन्हं तापायला लागली होती. मी दवाखान्यात पट्ट्या गुंडाळत होते, तर डॉक्टर रस्त्यानं पळत येताना दिसले. सायकल नाही, डोक्यावर टोपी नाही. मला वाटलं, झालं, नको ते झालं.

ते ओट्याला धरून धापा टाकत उभे राहिले. "बाई! गुरुजी भांडले!"

"काय?"

"मी वर्तमानपत्र वाचत होतो. म्हटलं, यंदा उसाला भाव बरा येणार. तर अंथरुणातून उठून बसले आणि म्हणाले, 'साफ चूक! तुम्हाला त्यातलं काय कळतं?' मला! वर आणखी दहा मिनिटं ऐकवलं मला!" बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले, आणि ते तसेच हलवायाच्या दुकानाकडं गेले. गावभर पेढे वाटले. कशाचे म्हणून विचारलं की म्हणायचे, "मला काहीच कळत नाही, असं सिद्ध झालं त्याचे."

गुरुजी पुढं पंधरा वर्षं हेडमास्तर होते आणि कुणाचंही पटवून घेत नसत.

त्याच उन्हाळ्यात डॉक्टरांची बदली श्रीगोंद्याला झाली. नंतर त्यांची पत्रं येत. वर्षातून एखादं, गिचमिड अक्षरात, त्यात निम्मी चौकशी माझ्या हातून जन्मलेल्या बाळांची. पण भेट झाली नाही. ते मला शेवटचे दिसले ते निघाले त्या सकाळी.

आमच्या रस्त्यावरची उतारूंची सर्व्हिस मोटार लढाईतल्या पेट्रोलटंचाईपासून तेव्हाही कोळशाच्या गॅसवर चालायची. मागं भट्टी बसवलेली, आणि चढ आला की तिचा दम जायचा. गावाबाहेरच्या चढावर ती अशीच थांबली. उतारूंनी उतरून ढकलायचं, असा रिवाज. ड्रायव्हर म्हणाला, "डॉक्टरसाहेब, तुमी बसा." पण डॉक्टर उतरले. निरोप द्यायला आम्ही दहापंधराजण मोटारीबरोबर चालतच आलो होतो. त्यांनी कोट काढून माझ्या हातात दिला, बाह्या सारल्या आणि सगळ्यांबरोबर खांदा लावला. "हां, भाऊ, जोर लावा!" धूर, धूळ, आरडाओरडा. मोटार दोनदा गुरगुरली आणि एकदम सुटली.

आता ड्रायव्हर काही थांबायचा नाही. थांबला तर पुन्हा बंद पडणार. माणसं पळत पळत एकेक करून मागच्या दारातून आत चढली. डॉक्टर सगळ्यांत मागं. लांब पाय टाकत, चष्मा एका हातानं धरून, शाळेतल्या पोरासारखे धावत होते. आतून कुणीतरी हात पुढं केला, त्यांनी तो पकडला आणि आत ओढले गेले. मग वळून दारात उभे राहिले, छाती चाचपली, कोट नाही हे ध्यानात आलं. मी कोट उंच धरून ओरडले, "डॉक्टर! कोट!"

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मोटारीकडं बघितलं, आणि दोन्ही हात वर करून मोठ्यानं हसले. काहीतरी म्हणाले, ते भट्टीच्या आवाजात ऐकू आलं नाही. मोटार चढ चढून गेली आणि पांढऱ्या सदऱ्यातले, हात वर केलेले डॉक्टर धुरात दिसेनासे झाले.